टाकीतलं पेट्रोल खरंच उडतं का? तपासणीचा आणि बचतीचा योग्य क्रम

"गाडी महिनाभर उभीच होती, तरी काटा खाली आला. पेट्रोल उडालं!" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, गाडी सपाट जागी उभी होती की उतारावर? बहुतेकांना आठवत नाही. मग त्यावर उपाय काय केला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: टाकी गळ्यापर्यंत भरायला सुरुवात केली. रिकामी जागाच उरली नाही तर वाफ होणार कुठे, हा त्यामागचा हिशेब. ऐकायला तो पटतो. पण याच सवयीनं वाफ अडवणारी यंत्रणा बिघडते, आणि जे पेट्रोल उडत नव्हतं ते उडायला लागतं.

गडबड क्रमात आहे. उपाय आधी, तपास नंतर, आणि मोजमाप कधीच नाही. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा. पाचव्या टप्प्यापर्यंत कुठेही बिघाड सापडला तर तो निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. गळक्या बादलीला झाकण घालून उपयोग नसतो.

हे सगळं पेट्रोलच्या गाडीबद्दल आहे. डिझेलची वाफ नेहमीच्या तापमानाला नगण्य होते. डिझेल गाडी असेल तर पहिला टप्पा करा, खाली कुठे थेंब पडतायत का ते बघा आणि थेट सहाव्या टप्प्यावर या.

तयारी

एक छोटी वही, हवेचा दाब मोजायचं गेज, पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा, टॉर्च, पेट्रोल सोसणारे हातमोजे आणि स्वच्छ सुती फडकं. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर मिळाला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

सावधान: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत साचते, खड्ड्यात आणि बंद गॅरेजच्या कोपऱ्यात तर जास्तच. उणे ४० अंशांच्या आसपासही ती पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणून तपासणी उघड्यावर करा, इंजिन गार झाल्यावर करा, आणि टॉर्च लांबूनच लावून जवळ आणा. काडी किंवा लायटरच्या उजेडात टाकीखाली वाकणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हेही लिहावं लागतं.

टप्पा १: काट्यावर विसंबू नका, मोजा

टाकीत एक तरंगता गोळा असतो. तो एका दांडीला जोडलेला असतो, दांडी जशी वर-खाली होते तसा काटा हलतो. टाकीचा आकार डब्यासारखा सरळ नसतो. मागच्या सीटखाली, सायलेन्सरच्या नळीला वळसा घालून ती बसवलेली असते. त्यामुळे गाडी थोडी जरी कलली तरी पेट्रोल एका बाजूला जातं आणि काटा एक-दोन रेघा खोटं बोलतो. उतारावर उभ्या केलेल्या गाडीचं 'उडालेलं' पेट्रोल सपाट रस्त्यावर आल्यावर परत येतं ते असं.

खरं मोजमाप फुल टू फुल. टाकी भरताना नोझल आपोआप बंद होतं, तिथेच थांबा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मधे चाललेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, म्हणजे ॲव्हरेज.

इथे सगळे एक चूक करतात: एका भरण्यावरून निष्कर्ष काढतात. समजा गाडी ४१२ किलोमीटर चालली आणि २७.५ लिटर बसलं. ॲव्हरेज १५. पण नोझल फेसामुळे एक लिटर आधी कट झालं असतं तर २६.५ लिटर बसलं असतं आणि ॲव्हरेज दिसलं असतं १५.५. उशिरा कट झालं असतं तर १४.५. म्हणजे गाडीत काडीचाही फरक नसताना वहीत एक किलोमीटरचा फरक. तेच चार वेळचं मिळून १६४८ किलोमीटर आणि ११० लिटर धरा. आता एका लिटरच्या चुकीनं ॲव्हरेज जेमतेम ०.१४ नं हलतं. चार भरण्यांची बेरीज करून एकदाच भागाकार करा. चार वेगवेगळ्या ॲव्हरेजची सरासरी काढू नका, ती चूक वेगळीच.

तपासा: दर वेळी तोच पंप, शक्यतो तेच नोझल, आणि गाडी त्याच दिशेनं उभी. चार भरण्या पूर्ण होईपर्यंत गाडीत काहीही बदलू नका.

टप्पा २: वाफ किती होऊ शकते, याचा अंदाज बांधा

टाकीतल्या रिकाम्या जागेत पेट्रोलची वाफ असतेच. दुपारी टाकी तापली की ती फुगते, रात्री आकसते. जुन्या गाड्यांत ही फुगलेली वाफ सरळ बाहेर जायची. आताच्या गाड्यांत ती एका नळीनं कोळशाच्या डब्यात जाते. मेकॅनिक त्याला चारकोल कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह नावाची झडप उघडते, बाहेरची हवा कोळशातून ओढली जाते आणि धरून ठेवलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. म्हणजे ते पेट्रोलही वाया जात नाही.

यातून निसटतं किती? युरोपात युरो ३ ते युरो ६ या प्रदूषण नियमांत नवीन मॉडेलची गाडी बंद खोलीत ठेवून वाफ मोजतात आणि पूर्ण चाचणीची मर्यादा २ ग्रॅम आहे. पेट्रोलची घनता पाहता हे पावणेतीन मिलिलिटरच्या आसपास झालं, चहाचा अर्धा चमचा म्हणा. रोज एवढं गेलं तरी महिन्याला ८०-८५ मिलिलिटर. काटा हलायला एवढं पुरत नाही.

इंजिन अनेक दिवस सुरूच झालं नाही तर कोळसा भरत जातो आणि थोडी जास्त वाफ बाहेर पडते, हे खरं. तरी लिटरच्या हिशेबात ती येत नाही. म्हणून माझा सरळ नियम असा: गाडीतून लिटरभर पेट्रोल कमी झालं असेल तर ते उडालेलं नाही. ते गळलंय, कुणीतरी काढलंय किंवा तुमच्या उजव्या पायाखाली जळलंय.

आणि उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर तो उन्हाचा दोष नाही. तो बिघाड आहे. धडधाकट गाडीला वास येत नाही.

टप्पा ३: टाकीचं झाकण

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारा बिघाड. तरी लोक तो शेवटी बघतात.

झाकण काढा. आतल्या रबरी रिंगवरून बोट फिरवा. रबर मऊ आणि गोल हवं. चपटं झालेलं, कडक पडलेलं, बारीक भेगा गेलेलं असेल तर झाकण बदला. मग नळीच्या तोंडाची कड बघा. तिथे गंज, पोचा किंवा वाळूचे कण असतील तर नवं झाकणही घट्ट बसणार नाही. कड कोरड्या फडक्यानं पुसा. ग्रीस, तेल, डिंक काहीही लावू नका, पेट्रोलनं ते विरघळून टाकीत जातं.

झाकण लावताना कटकट आवाज येईपर्यंत फिरवा. आपल्या गाडीला एक आवाज पुरतो की तीन लागतात हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

झाकण उघडताना 'फुस्स' झालं म्हणून घाबरणारे बरेच आहेत. टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी-जास्त असतो, त्याचा तो आवाज. आवाज येतोय याचा अर्थ टाकी बंद राहतेय. फार जोरात आणि बराच वेळ येत असेल तेव्हा मात्र हवा जायची वाट तुंबली असण्याची शक्यता आहे.

सावधान: दुसऱ्या गाडीचं झाकण आटे जुळले म्हणून लावू नका. काही झाकणांत हवा आत घ्यायचा व्हॉल्व्ह असतो, काहींत नसतो. जिथे तो हवा तिथे बंद झाकण लागलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचणं जड जातं. उलट झालं तर वाफ कायमची मोकळी.

टप्पा ४: गळती शोधा

रात्री गाडी सपाट जागी लावून टाकीपासून इंजिनापर्यंत खाली पुठ्ठा सरकवा. सकाळी बघा. पुढच्या बाजूला, पायाच्या जागेखाली पडलेलं बिनवासाचं पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या. तेलाचा डाग बोटाला चिकट लागतो आणि तसाच राहतो. पेट्रोलचा थेंब मात्र स्वतः उडून जातो, मागे फिकट कड असलेला डाग आणि वास ठेवतो. म्हणून पुठ्ठा सकाळी लवकर बघायचा, दुपारी नाही.

पुठ्ठा कोरडा निघाला पण वास येतो, तर वाफेच्या नळ्या राहिल्या. टाकीच्या वरून कॅनिस्टरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या जिथे वाकतात आणि जिथे क्लिप आहे, तिथे चिरतात. नळी हलकेच वाकवली की चीर उघडते. उंदरांनी कुरतडलेली नळीही इथेच सापडते.

स्कॅनर असेल तर कोड वाचा. पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे लहान, पी ०४५६ म्हणजे अगदीच बारीक, पी ०४५७ म्हणजे झाकण सैल किंवा नसलेलं. या कोडवर लगेच टाकी उतरवायला कबूल होऊ नका, आधी तिसरा टप्पा पुन्हा करा. झाकण बदलल्यावर चेक इंजिनचा दिवा त्याच दिवशी जाईल अशीही अपेक्षा ठेवू नका. असे कोड देणारी गाडी गळतीची चाचणी स्वतः घेते, आणि बहुतेक गाड्या ती थंड इंजिन सुरू केल्यावर, टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच घेतात. टाकी फुल करून दिव्याची वाट बघणाऱ्याची चाचणी सुरूच होत नाही.

सावधान: चीर सापडली नाही तर गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घ्या, त्यात अगदी कमी दाबानं धूर सोडतात आणि तो जिथून निघेल तिथे बिघाड. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरनं टाकीत हवा मारून गळती शोधू देऊ नका. टाकी फुगते, व्हॉल्व्ह फाटतात. थेंब गळताना दिसला तर गाडी सुरूच करू नका.

टप्पा ५: भरण्याची सवय मोडा

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहताना त्या भोकातून हवा ओढली जात असते. टाकीतलं पेट्रोल वर येऊन भोक बुडालं की हवा बंद होते, आतला पडदा ओढला जातो आणि नोझल खट्कन सुटतं. बस. टाकी भरली. वर जी जागा उरते ती पेट्रोल फुगण्यासाठी आणि वाफेसाठी मुद्दाम सोडलेली असते.

त्यानंतर आकडा गोल करण्यासाठी म्हणून जे अर्धा-एक लिटर रेटून घातलं जातं, ते वाफेच्या नळीत चढतं आणि तिथून कॅनिस्टरमध्ये. कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. एकदा भिजला की वाफ धरायची त्याची ताकद घटते, आणि कधीकधी त्याचे कण सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

माझ्याच गाडीचं सांगतो. टाकी भरली की पुढच्या वेळी ती लगेच सुरू व्हायची नाही. चार-पाच वेळा स्टार्टर मारावा लागायचा, मग काळपट धूर, उग्र वास, आणि दोन मिनिटांनी सगळं ठीक. बाकी दिवशी एकदम व्यवस्थित. मी प्लग बदलले, बॅटरी बदलली. हे फक्त पेट्रोल भरल्यावरच होतं हे लक्षात यायला मला सहा महिने लागले, कारण मी वही ठेवत नव्हतो. पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. भरताना टाकीत कोंडलेली वाफ सगळी इंजिनात. आणि दर वेळी "चारशे नव्वद कशाला, पाचशे गोल करा" म्हणणारा मीच.

तपासा: इंजिन थंड असताना सुरू करा, कॅनिस्टरकडून येणारी नळी पर्ज व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर हातमोजा घातलेलं बोट ठेवा. थंड इंजिनाच्या संथ चालीत तिथे ओढ लागता कामा नये. सतत ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. गरम इंजिनावर हे बघू नका, तेव्हा तो मुद्दाम उघड-मीट करतो.

भरण्याबद्दलचे दोन वाद इथेच मिटवू.

पहाटे भरलं तर जास्त पेट्रोल मिळतं का? पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्क्यानं फुगतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसं हलत नाही. तीन अंशांचा फरक पडला असं उगाच धरलं तरी ३० लिटरमागे ९० मिलिलिटर. त्यासाठी झोपमोड करायची असेल तर करा.

टाकी अर्धी ठेवावी की पूर्ण? पूर्ण टाकीत वाफेला जागा कमी, अर्ध्या टाकीत वजन कमी. दोन्ही बाजूंना फरक इतका किरकोळ की भांडण्यात अर्थ नाही. फक्त पाव टाकीच्या खाली वारंवार जाऊ देऊ नका. टाकीतला विजेचा पंप पेट्रोलमुळेच गार राहतो.

टप्पा ६: टायर, वजन, चाकं

इथून पुढे बचत सुरू होते.

हवा टायर गार असताना तपासा, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी राहिल्यावर. चालवून आल्यावर दाब वाढलेला दिसतो आणि लोक 'जास्त झाली' म्हणून हवा सोडतात. दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेचा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. टायरच्या बाजूला कोरलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचा आकडा नाही. एक पीएसआय कमी असेल तर इंधन साधारण ०.२ टक्के जास्त लागतं. पाच पीएसआयला एक टक्का, आणि टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात ते वेगळंच.

टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी काढून ठेवा. डिकीत वर्षभर फिरणारं सामान उतरवा, ४५-५० किलोला साधारण एक टक्का. वारा कापण्याचा खर्च मात्र याहून बराच मोठा; टपावर पेटी असेल तर हायवेवर दहा टक्क्यांच्या पुढेही जातो.

तपासा: वीस-पंचवीस मिनिटं चालवून आल्यावर हाताचा पंजा चाकांच्या जवळ न्या, टेकवू नका. पुढच्या दोन चाकांपैकी एक स्पष्टपणे जास्त गरम वाटलं तर तिथला ब्रेक चिकटतोय. हा बिघाड पेट्रोल मुकाट्यानं खातो, आणि हवा, ऑइल, प्लग सगळं बदलून झाल्यावर सापडतो.

टप्पा ७: चालवणं

वेग दीडपट झाला की वाऱ्याचा विरोध सव्वादोनपट होतो. ८० वरून १०० वर गेलात तरी ५६ टक्क्यांनी वाढतो. लांबच्या प्रवासात यापेक्षा मोठी बचत दुसऱ्या कशात नाही.

उतारावर न्यूट्रल करणारे स्वतःला फार हुशार समजतात. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्शनच्या (म्हणजे संगणक मोजून पेट्रोल सोडतो त्या) गाडीत पेट्रोल बंद होतं. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं की इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय उतारावर इंजिनाचा ब्रेक जातो. सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचला, गिअर तसाच ठेवा, वेग अगदी उतरल्यावर क्लच दाबा.

थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. दहा सेकंदांहून जास्त चालू ठेवण्यापेक्षा पुन्हा सुरू करायला कमी पेट्रोल लागतं. फाटकाशी किंवा कुणाची वाट बघताना हे करा. वाहत्या रांगेत दर पाच सेकंदांनी किल्ली फिरवत बसू नका.

थंड इंजिन जास्त पितं. तीन कामांसाठी तीन फेऱ्या मारण्यापेक्षा एकाच फेरीत, आधी सगळ्यात लांबचं आणि येताना जवळची, असं करा; इंजिन एकदाच तापवावं लागतं. जागेवर उभं करून तापवू नका, सुरू करून हळू चालवायला लागा.

एअर फिल्टरबद्दल गैरसमज आहे. इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर मळला की पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं हलत नाही, कारण संगणक हवेच्या हिशेबानं पेट्रोल कमी करतो. बदला जरूर, पण चमत्काराची वाट बघू नका. पुस्तिकेत सांगितलं नसेल तर जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवरही पैसे घालू नका. नळीवर लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या यांचं काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं अशी शंभरहून जास्त साधनं तपासली; थोड्यांतच किंचित फायदा दिसला.

सहाव्या आणि सातव्या टप्प्यातलं सगळं एकदम सुरू केलंत तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. एक बदल, चार भरण्या, वहीत नोंद, मग दुसरा बदल.

टप्पा ८: गाडी बराच काळ उभी राहणार असेल

सावलीत आणि सपाट जागी लावा. टाकी पहिल्या कटपर्यंत भरा. इथे मात्र भरलेली टाकी बरी, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि रिकामी जागा जितकी कमी तितकी आत ओली हवा कमी. तीन महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर मधे कुणाला तरी गाडी अर्धा तास चालवून आणायला सांगा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद केल्यानं बॅटरी उलट उतरते आणि कॅनिस्टरही पुरेसा मोकळा होत नाही.

निघण्याआधी इंजिन चालू ठेवून काट्याचा फोटो काढा आणि चाकं कुठे उभी आहेत तिथे जमिनीवर खडूची खूण करा. परत आल्यावर गाडी न हलवता, त्याच खुणेवर, इंजिन सुरू करून मिनिटभर थांबा आणि दुसरा फोटो काढा. दोन्हींत फरक दिसला तर पुठ्ठा घेऊन चौथ्या टप्प्यावर जा.